नाताळगीतांचें उत्तरकांड

एखादी कथा लोकांना आवडली म्हणजे तिचा पुढचा भाग ऐकावा असें त्यांना वाटतें, आणि तो रचावा असें कर्त्याला वाटतें. रामाच्या राज्याभिषेकाशीं कथा संपली, तरी तिला उत्तरकांड जोडल्याशिवाय परंपरेचें समाधान झालें नाहीं. आणि त्या उत्तरकांडांतूनच भवभूतीला आपलें 'उत्तररामचरित' सुचलें. परंतु प्रत्येक उत्तरकांडाला भवभूति भेटतोच असें नाहीं. पुष्कळशा उत्तरकथा मूळ कथेच्या छायेंत जन्मतात आणि त्या छायेंतच सुकून जातात. अमेरिकेंत विसाव्या शतकांत नाताळच्या सणाभोंवतीं जीं लौकिक गाणीं निर्माण झालीं, त्यांच्या वंशावळींत हा प्रकार मोठ्या मौजेनें पाहावयास मिळतो. मूळ गाणें जगभर ऐकूं येतें. त्याच्या पोटीं जन्मलेलीं चमत्कारिक गाणीं मात्र फार थोड्यांच्या कानांवर गेलेलीं असतात.

येथें एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. येशू ख्रिस्ताच्या जन्माचीं स्तोत्रें देवालयांत गायिलीं जातात, तीं निराळीं. ही चर्चा आहे ती मुलांना भेटी वांटणाऱ्या सांताक्लॉजभोंवतीं गुंफलेल्या घरगुती करमणुकीच्या गाण्यांची. त्यांचें मूळ एका कवितेंत आहे. न्यूयॉर्क राज्यांतील ट्रॉय या गांवच्या 'सेंटिनल' पत्रांत २३ डिसेंबर १८२३ रोजीं ती निनांवी छापली गेली. पुढें क्लेमेंट क्लार्क मूर या विद्वानानें ती आपली म्हणून स्वतःच्या काव्यसंग्रहांत घातली. सांताक्लॉजची बर्फावरून घसरत जाणारी गाडी आठ रेनडिअर हरणें ओढतात आणि त्या आठांनाहि स्वतंत्र नांवें आहेत, ही कल्पना या कवितेनें रूढ केली.

आठ ही संख्या ११६ वर्षें अढळ राहिली. १९३९ सालीं शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या व्यापारी कंपनीला नाताळांत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मुलांस फुकट वांटण्यासाठीं एक पुस्तिका हवी होती. जाहिरातींचा मजकूर लिहिणारा रॉबर्ट मे हा तेथें नोकर होता. त्याच्याकडे तें काम आलें. त्याची पत्नी कर्करोगानें अंथरुणाला खिळली होती आणि औषधोपचारांपायीं तो कर्जांत बुडाला होता. जुलैमध्यें ती निवर्तली. घरांत लहानशी मुलगी उरली. त्याच उन्हाळ्यांत त्यानें रूडॉल्फ नांवाच्या नवव्या रेनडिअरची पद्यकथा पुरी केली. लाल, चकाकणाऱ्या नाकामुळें ज्याला सोबती हंसतात, त्याच्याच नाकाच्या उजेडानें धुक्याच्या रात्रीं सांताक्लॉजची गाडी वाट काढते, एवढीच ती कथा. पहिल्याच नाताळांत तिच्या सुमारें २४ लाख प्रती वांटल्या गेल्या. मे यानें छंद घेतला तो १८२३ च्या कवितेचा, आणि नायक आणला तो तिच्यांतल्या आठांच्या पुढचा. म्हणजे रूडॉल्फ स्वतःच एका जुन्या काव्याची उत्तरकथा आहे.

कथेचे हक्क अर्थात् कंपनीकडे होते. लक्षावधि मुलांच्या तोंडीं ज्याच्या कथेचें नांव होतें, तो लेखक मात्र कर्ज फेडीत राहिला. १९४७ च्या आरंभीं कंपनीनें ते हक्क त्याच्या हवालीं केले. मे याच्या बहिणीचा पति जॉनी मार्क्स हा गीतकार होता. त्यानें त्या कथेचें दोन-तीन मिनिटांचें गाणें केलें, आणि १९४९ सालीं जीन ऑट्री या विख्यात 'काउबॉय' गायकानें तें ध्वनिमुद्रित केलें. त्या नाताळांत तें गाणें लोकप्रियतेच्या अगदीं शिखरावर जाऊन बसलें. मार्क्स हा स्वतः ज्यू होता हें लक्षांत घेतलें, म्हणजे या गाण्यांचा संबंध धर्मापेक्षां ऋतूशीं, घराशीं आणि बालमनाशीं अधिक आहे हें सहज पटतें.

येथून उत्तरकांडाची खरी अडचण सुरू होते. रूडॉल्फची कथा पुरी झालेली आहे. उपेक्षितास मान मिळाला. आतां पुढें काय व्हावें? पुढची गोष्ट सांगावयाची तर त्याच्यावर नवें संकट आणलें पाहिजे, नाहीं तर दुसरा उपेक्षित शोधला पाहिजे. मे यानें १९५४ च्या 'रूडॉल्फ शाइन्स अगेन' या पुस्तकांत पहिला मार्ग धरला: त्यांत रूडॉल्फच्या नाकाचा प्रकाश मालवतो आणि पुन्हां उजळतो. परंतु एकदां उजळलेला दिवा पुन्हां विझवून पुन्हां लावण्यांत पहिल्या वेळचा आनंद कोठून येणार?

गीतकारांनीं दुसरा मार्ग पत्करला. ऑट्रीला पुढच्या वर्षासाठीं तसेंच गाणें हवें असणार हें ओळखून जॅक रोलिन्स आणि स्टीव्ह नेल्सन या दोघांनीं फ्रॉस्टी नांवाच्या बर्फाच्या माणसाचें गाणें रचलें, आणि १९५० सालीं ऑट्रीनें तें गायिलें. यांत एक खुबी होती. फ्रॉस्टी वितळून जातो, पण जातांना परत येण्याचें वचन देतो. म्हणजे उत्तरकथेची सोय गाण्यांतच करून ठेवलेली. मार्क्सनेंहि त्याच वर्षीं सांताक्लॉजला येणाऱ्या मुलांच्या पत्रांवर ऑट्रीसाठीं एक गाणें केलें, आणि १९५२ सालीं १८२३ च्या त्या मूळ कवितेलाच चाल लावली. तें गाणें ऑट्री आणि रोझमेरी क्लूनी यांनीं गायिलें. ही दोन्ही गाणीं आज जुन्या तबकड्यांच्या शोकिनांनाच ठाऊक आहेत.

१९५८ सालीं रूडॉल्फला एक अगदीं अनपेक्षित गायक भेटला. 'रॉक अँड रोल' या धांवत्या, ठसकेबाज संगीताचा अध्वर्यु चक बेरी यानें 'रन रूडॉल्फ रन' हें गाणें गायिलें. येथें रूडॉल्फच्या नाकाला कोणी हंसत नाहीं. त्याला केवळ धांवावयाचें आहे. गाण्याचे कर्ते म्हणून मार्क्स आणि मार्विन ब्रॉडी यांचीं नांवें लागतात, पण चालीवर मोहर बेरीचीच आहे. १९५९ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्याचें 'लिटल क्वीनी' हें गाणें जवळजवळ याच चालीवर आहे. त्याच १९५८ सालीं मार्क्सनें ब्रेंडा ली या तेरा वर्षांच्या मुलीसाठीं 'रॉकिन् अराउंड द ख्रिसमस ट्री' लिहिलें. त्यांत रूडॉल्फ नाहीं, कथा नाहीं. नाताळवृक्षाभोंवतीं नाचणारीं तरुण मंडळी आहेत. हें गाणें अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें तें डिसेंबर २०२३ मध्यें, म्हणजे ६५ वर्षांनीं. कथेचा पाश नसलेलें गाणें किती दूर चालत जातें याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

६ डिसेंबर १९६४ रोजीं रूडॉल्फ दूरचित्रवाणीवर आला. रँकिन-बास या संस्थेच्या या चित्रांतील बाहुल्या टोकियोंत तादाहितो मोचिनागा यांच्या कलागृहांत कणाकणानें हलवून एकेक चित्र घेतलें गेलें होतें. दोन मिनिटांचें गाणें तासाभराच्या कार्यक्रमाला पुरेना, म्हणून रोमिओ म्युलर या लेखकानें नवीं पात्रें निर्माण केलीं. दंतवैद्य होऊं इच्छिणारा हर्मी हा यक्षबटु, आणि कोणालाच नको असलेल्या सदोष खेळण्यांचें एक बेट, हीं त्यांतलींच. मार्क्सनें या नव्या कथेसाठीं गाण्यांची मालिकाच लिहिली. चित्रांतील 'ए हॉली जॉली ख्रिसमस' हें बर्ल आइव्ह्जनें बर्फाच्या माणसाच्या मुखानें गायिलेलें गाणें आज दर नाताळांत सर्वत्र ऐकूं येतें. त्यांतहि रूडॉल्फचा उल्लेख नाहीं.

पण त्याच मालिकेंतील दुसऱ्या एका गाण्याचें दैव फार विचित्र निघालें. रूडॉल्फ आणि हर्मी हे दोघे बहिष्कृत एकमेकांना भेटतात, तेव्हां आपण दोघेहि कोठें न बसणारे आहों असें सांगणारें एक युगलगीत गातात. पहिला प्रयोग पाहिल्यावर प्रेक्षकांनीं तक्रार केली, कीं त्या सदोष खेळण्यांची सुटका झालेली दिसतच नाहीं. त्यांना मदतीचें वचन देऊन चित्र विसरून गेलें होतें, आणि मुलांना तें सहन झालें नाहीं. १९६५ मध्यें खेळण्यांच्या सुटकेचा प्रसंग नव्यानें जोडला गेला. त्याच फेरबदलांत तें युगलगीत काढून 'फेम अँड फॉर्च्युन', म्हणजे 'कीर्ति आणि संपत्ति', हें नवें गाणें त्या जागीं आलें. मूळ गीत १९९८ मध्यें परत येईपर्यंत ३३ वर्षें गेलीं. जगांत न बसणाऱ्यांचें गाणें स्वतःच आपल्या चित्रांत बसेना, आणि त्याच्या जागीं आलेलें गाणेंहि पुढें पाहुण्यासारखें मागें सरलें, अशी ही दुहेरी विटंबना आहे.

याच संस्थेनें १९७४ मध्यें 'द इयर विदाउट ए सांताक्लॉज' हें चित्र काढलें. फिलिस मॅकगिन्ली या कवयित्रीच्या पुस्तकावर तें आधारलेलें होतें. चित्रांत थंडीचा अधिपति स्नो मायझर आणि उष्म्याचा अधिपति हीट मायझर हे दोन भांडखोर भाऊ आहेत. संगीतकार मॉरी लॉझ आणि गीतकार ज्यूल्स बास यांनीं दोघांना एकच चाल दिली. जुन्या विनोदी रंगभूमीच्या थाटांत एक भाऊ आपली बढाई गातो, आणि मग दुसरा त्याच चालींत आपली. सवालजबाबाची गोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांतली मौज सांगावयास नको. गंमत अशी, कीं सांताक्लॉजच्या दुखण्याची मुख्य कथा मागें पडली आणि हे उपनायकच लोकांच्या ध्यानांत राहिले. इतके, कीं २००८ सालीं त्या भावांच्याच नांवानें दुसरें चित्र निघालें आणि हीट मायझरच्या भूमिकेंत जॉर्ज अर्व्हिंग ३४ वर्षांनीं पुन्हां बोलला.

फ्रॉस्टीची गोष्ट १९६९ च्या चित्रानंतर १९७६ मध्यें पुढें चालू झाली. या वेळीं आधार घेतला तो १९३४ च्या 'विंटर वंडरलँड' या दुसऱ्याच गाण्याचा. त्या जुन्या गाण्यांत प्रेमी युगुल बर्फाच्या बाहुल्याला पाद्री समजून लग्नाचे मनोरथ करतें. चित्रकर्त्यांनीं ती कल्पना उचलून खरोखरच बर्फाचा पाद्री उभा केला आणि त्याच्याकडून फ्रॉस्टीचें लग्न लावलें. एका गाण्याचा नायक अशा रीतीनें दुसऱ्या गाण्यांत जाऊन संसारी झाला.

त्याच वर्षीं आलेलें 'रूडॉल्फ्स शायनी न्यू इयर' हें या सर्वांत अधिक विलक्षण. मोठ्या कानांमुळें सर्व हंसतात म्हणून नववर्ष नांवाचें बालक पळून गेलें आहे. तें मध्यरात्रीपूर्वी सांपडलें नाहीं तर ३१ डिसेंबर कधींच संपणार नाहीं. त्याचा शोध सरलेल्या वर्षांच्या बेटांवर घेतला जातो. येथें मार्क्सनें कालपुरुषासाठीं 'द मूव्हिंग फिंगर राइट्स' हें गाणें लिहिलें. त्याचें नांव उमर खय्यामच्या फिट्झजेराल्डकृत इंग्रजी रूपांतरांतील सुप्रसिद्ध रुबाईवरून घेतलेलें आहे. माधव जूलियनांच्या 'द्राक्षकन्ये'मुळें मराठी वाचकाला तो खय्याम अपरिचित नाहीं. परंतु काळानें लिहिलेलें पुसतां येत नाहीं हा इराणी कवीचा विषाद मुलांच्या बाहुलीचित्रांत, लाल नाकाच्या हरणाशेजारीं येऊन बसावा, ही घटना खरोखरच दुर्मिळ आहे. गाणें फारसें कोणाला ठाऊक नाहीं. कथेच्या बाहेर त्याला घर मिळालें नाहीं.

१९७७ मध्यें लांब कानांच्या नेस्टर नांवाच्या गाढवाची कथा आली. ती ज्या गाण्यावर रचली त्याच्या कर्त्यांत खुद्द जीन ऑट्री होता. १९७९ मध्यें रूडॉल्फ आणि फ्रॉस्टी या दोघांना एकत्र आणून, नाताळ भर जुलै महिन्यांत, समुद्रकांठच्या सर्कशींत नेला गेला. त्यांत मार्क्सचीं जुनीं गाणीं पुन्हां वाजलीं, आणि 'चिकन टुडे अँड फेदर्स टुमॉरो', म्हणजे आज कोंबडी तर उद्यां नुसतीं पिसें, अशा मथळ्याचें नवें गाणेंहि आलें. उत्तरकथेच्या व्यवसायालाच तो मथळा चपखल लागूं पडतो.

या साऱ्या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जीं गाणीं नायकाचें बोट सोडून घराघरांत जाऊं शकलीं तीं टिकलीं. जीं कथेच्या एका प्रसंगाला बांधलेलीं होतीं तीं त्या प्रसंगाबरोबर पेटींत बंद झालीं. सणाचें गाणें ऐकावयाचें नसतें, म्हणावयाचें असतें. घरांतल्या माणसांना तें आपलें म्हणून म्हणतां आलें पाहिजे. आणि नववर्षाच्या बालकाचा शोध कांहीं कोणाच्या घरीं चाललेला नसतो.

तथापि या विसरलेल्या गाण्यांना केवळ अपयश म्हणून बाजूस सारणें न्यायाचें होणार नाहीं. लाल नाक, लांब कान, मोठे कान, मोडकीं खेळणीं, दंतवैद्य होऊं पाहणारा बटु — पुन्हां पुन्हां एकच व्यथा त्यांत आळविलेली आहे: चारचौघांसारखा नसलेल्याला हंसूं नका. ती प्रथम शब्दांत आणली ती पत्नी गमावलेल्या, कर्जानें वांकलेल्या एका कारकुनी लेखकानें. आणि त्याच्या मेहुण्यानें ती १९४९ पासून तीस वर्षें नाना चालींवर गायिली. मे १९७६ त वारला, मार्क्स १९८५ त. मोडक्या खेळण्यांच्या सुटकेसाठीं तक्रार करणाऱ्या मुलांना ती व्यथा नेमकी कळली होती; कोणालाहि मागें सोडून सण साजरा होऊं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आडवाटेच्या या गाण्यांचें मागणेंहि त्याहून निराळें नाहीं.