निरक्षर कवीचा डोंगर

ग्लासगोहून फोर्ट विल्यमला जाणारी रेल्वे ब्रिज ऑफ ऑर्की या चिमुकल्या स्टेशनाआधी एक मोठे वळण घेते आणि खिडकीत एकच डोंगर उभा राहतो. बेन डोरेन. उंची १०७६ मीटर. गवताळ, जवळजवळ बोडका. डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हिंडले, तेव्हा असले उतार त्यांना वांझ वाटले होते. गंमत अशी, की त्याआधी पाचच वर्षे, १७६८ साली, एडिंबरोत छापलेल्या एका गेलिक पुस्तकात याच डोंगराच्या स्तुतीच्या पाचशेहून अधिक ओळी होत्या.

कवी होता डंकन बान मॅकिंटायर. जन्म १७२४. लोक त्याला ‘गाण्यांचा गोरा डंकन’ म्हणत. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. सगळे काव्य तोंडपाठ. एका पाद्र्याने ते उतरून घेतले म्हणून छापले गेले. रचनेचा साचा त्याने घेतला बॅगपाइपच्या संगीतातून. त्यात आधी संथ मूळ सुरावट येते, तिला गेलिकमध्ये ‘जमीन’ म्हणतात. मग लय चढत जाते. आपल्या विलंबित-द्रुताशी परिचय असलेल्यांना हे सहज कळावे.

डोंगर पाहून ‘वा!’ म्हणणे हे प्रवाशाचे काम. डंकन तिथला शिकार-राखणदार होता. हरिणी काय चरतात, कुठल्या झऱ्याचे पाणी पितात, कुठल्या आडोशाला निजतात, हे त्याला पायांनी ठाऊक होते. तो त्यांच्यावर जीव टाकतो आणि त्यांच्यावर बंदूकही रोखतो. शेवटी द्रुत लयीत शिकारच येते. हा प्रामाणिकपणा पोकळ निसर्गप्रेमात सापडत नाही.

पुढे पोटासाठी तो एडिंबरोच्या नगररक्षक दलात शिपाई झाला. इकडे डोंगराळ मुलखात मेंढ्या आल्या. जमीनदारांचा हिशेब सरळ होता: मेंढ्यांवर खंड जास्त मिळे. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तो हिशेब चटकन समजतो. त्या वहीत हरणांचे खाते नसते, आणि वर्षानुवर्षे तिथे राहणाऱ्या माणसांचेही नसते. डंकनने त्याला उत्तर दिले ते कोल्ह्यांवर गाणे रचून. मेंढ्या मारतात म्हणून त्याने कोल्ह्यांना चक्क दुवा दिला!

१८०२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, तो पुन्हा या डोंगरांत गेला. हरणे नव्हती, ओळखीची माणसे नव्हती. त्या भेटीतून त्याचे अखेरचे निरोपगीत जन्मले. १८१२ साली तो एडिंबरोत वारला.

२०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार निघाले. डोंगर तर कुठे जात नाही, १०७६ मीटर आजही तेवढेच आहेत. पण कुठला उतार कशासाठी चांगला, कुठल्या झऱ्याला कोण येते, हे सांगणारे शब्द त्या भाषेच्या ताब्यात आहेत. डंकनचा डोंगर मेंढ्यांनी एकदा नेला. तो शब्दांत उरला. ते शब्द कळणारे कोणी राहिले नाही, तर तो दुसऱ्यांदा जाईल, आणि मग परत आणायला कवी नसेल.