सिनेमा सुपरहिट, मग माल परत का आला? 'श्रेक २' आणि आपला दुसरा प्रॉडक्ट

आपल्यापैकी अनेकांचा पहिला प्रॉडक्ट आता बाजारात रुळलाय. कुणाचा मसाला चालतोय, कुणाची चकली, कुणाच्या कापडी पिशव्या. आता डोक्यात दुसरा प्रॉडक्ट घोळतोय. लोक आपल्याला ओळखतात, दुकानदार हसून बोलतो, मग दुसरा प्रॉडक्ट तर हातोहात खपेल, असं वाटणं साहजिक आहे.

आणि खरंच खपतो. पहिल्या आठवड्यात तर जोरात खपतो. धोका नेमका तिथेच सुरू होतो. हे नीट समजावं म्हणून आज एका ॲनिमेशन सिनेमाच्या सिक्वेलचा हिशोब बघू. सिक्वेल म्हणजे तरी काय? सिनेमावाल्यांचा दुसरा प्रॉडक्टच की!

आधी यश बघू

अमेरिकेतल्या ड्रीमवर्क्स कंपनीचा 'श्रेक' २००१ साली आला. दलदलीत राहणारा एक हिरवा, चिडका राक्षस आणि त्याचं बडबडं गाढव. बेस्ट ॲनिमेटेड फीचर हा ऑस्कर पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तोच या सिनेमाला मिळाला. पहिल्या शनिवार-रविवारला धरून तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे ४.२ कोटी डॉलर्सचा गल्ला झाला. शेवटी तिथली एकूण कमाई गेली २६ कोटींच्या वर. म्हणजे सुरुवातीच्या सहा पटींहून जास्त. हळूहळू लोकांनी लोकांना सांगितलं आणि सिनेमा चालत राहिला.

तीन वर्षांनी, १९ मे २००४ ला, 'श्रेक २' आला. या रिलीजची आखणी बघण्यासारखी होती.

एक, सिनेमा शुक्रवारी न आणता बुधवारी आणला. दोन दिवसांत ज्यांनी बघितला त्यांनी शाळेत, ऑफिसात सांगितलं, आणि खरी गर्दी सुट्टीला आली. दोन, त्या शनिवार-रविवारी अमेरिकेत ४ हजारांहून जास्त थिएटर्समध्ये तो लागला. त्या काळी इतकं मोठं रिलीज कुठल्याच सिनेमाचं झालं नव्हतं. तीन, कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत सिनेमा पाठवला. त्यामुळे 'हा फक्त पोरांचा सिनेमा नाही' हे मोठ्यांपर्यंत पोचलं. आणि चार, जुन्या जोडीत एक नवीन पात्र आणलं: बूट घातलेला, तलवारबाज मांजर, 'पुस इन बूट्स'. अँटोनिओ बँडेरास या स्पॅनिश नटाने त्याला इंग्रजीत तर आवाज दिलाच, स्पॅनिशमध्येही दिला.

या चौथ्या मुद्द्यावर जरा थांबा. जुन्या नावामुळे गिऱ्हाईक दुकानात येतं, पण हात खिशात घालायला त्याला काहीतरी नवं कारण लागतं. नुसतं 'आमचाच दुसरा' म्हणून चालत नाही.

निकाल काय लागला? पहिल्या शुक्रवार ते रविवारात सुमारे १०.८ कोटी डॉलर्स. अमेरिकेत एकूण ४४ कोटींच्या वर, जगभरात ९२ कोटींच्या वर. २००४ सालचा जगातला सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा.

आता तो आकडा बघा, जो कुणी बघत नाही

वही काढा आणि भागाकार करा. पहिल्या भागाने सुरुवातीच्या सहा पट कमावले. दुसऱ्या भागाने? १०.८ कोटींवरून ४४ कोटी, म्हणजे सुमारे चार पट.

तुम्ही म्हणाल, "सर, पैसे तर जास्तच मिळाले ना?" मिळाले, शंभर टक्के मिळाले. पण ते *लवकर* मिळाले. पहिल्या भागाच्या वेळी लोकांना श्रेक माहीतच नव्हता, म्हणून मागणी हळूहळू आली. दुसऱ्या भागाच्या वेळी तीन वर्षांपासून वाट बघणारे लोक पहिल्याच दिवसांत धावले. ती साठलेली मागणी होती. धरणाचा दरवाजा उघडला की पहिला लोंढा जोरात येतो, पण म्हणून नदी रोज तेवढीच वाहणार असं कुणी धरत नाही.

थिएटरमध्ये हे चालून गेलं, कारण रिकामी खुर्ची परत पाठवता येत नाही. डीव्हीडीचं तसं नव्हतं.

डीव्हीडीची गोष्ट

त्या काळात सिनेमा कंपन्यांची मोठी कमाई डीव्हीडीतून व्हायची. 'श्रेक २'ची डीव्हीडी अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००४ ला, ख्रिसमसच्या खरेदीच्या तोंडावर आली. पहिल्या तीन दिवसांतच १.२ कोटींच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. कंपनी खूश, दुकानदार खूश. रॅक भरून माल गेला.

मग नवीन वर्ष लागलं आणि विक्री अपेक्षेपेक्षा झपाट्याने उतरली. ज्यांना घ्यायची होती त्यांनी आधीच घेतली होती. शिवाय दर आठवड्याला नवीन सिनेमांच्या डीव्हीडी येत होत्या, मोठ्या दुकानांना रॅकवर जागा हवी होती. न खपलेला माल परत करायची सोय त्या धंद्यात होतीच. दुकानांनी ती वापरली. लाखोंच्या संख्येने डीव्हीडी परत आल्या.

मार्च २००५ अखेर विक्री साडेतीन कोटी प्रतींच्या आसपास होती, म्हणजे कंपनीने धरलेल्या आकड्यापेक्षा सुमारे ५० लाखांनी कमी. गंमत बघा, साडेतीन कोटी हा आकडा स्वतःहून लहान आहे का? अजिबात नाही. पण खर्च आणि अपेक्षा दुसऱ्याच आकड्यावर बांधल्या होत्या.

ड्रीमवर्क्स ॲनिमेशन ही कंपनी जेमतेम ऑक्टोबर २००४ मध्ये शेअर बाजारात आली होती. मे २००५ मध्ये तिमाहीचा नफा अंदाजापेक्षा कमी निघाला आणि शेअर आपटला. जुलैमध्ये पुन्हा अंदाज खाली आणावा लागला. तिथल्या बाजार नियामकाने, म्हणजे आपल्याकडच्या सेबीसारख्या संस्थेने, अनौपचारिक चौकशीही सुरू केली. वर्षातल्या सगळ्यात हिट सिनेमाच्या पोटी हे सगळं!

आणि हे एकाच कंपनीचं झालं असंही नाही. पिक्सारचा 'द इन्क्रेडिबल्स' ५ नोव्हेंबर २००४ लाच, म्हणजे 'श्रेक २'ची डीव्हीडी आली त्याच दिवशी, थिएटरात लागला होता. त्याची डीव्हीडी मार्च २००५ मध्ये आली, आणि जूनअखेर पिक्सारलाही परतीच्या मालामुळे आपला नफ्याचा अंदाज कमी करावा लागला.

आपल्या वहीत हे कसं दिसतं?

समजा, ताईंचा कांदा-लसूण मसाला चांगला चालतो. आता त्यांनी गोडा मसाला काढला. एका पाकिटाला खर्च ५५ रुपये, दुकानदाराला भाव ८० रुपये. न खपलेला माल परत घ्यायचं कबूल. जुने व्यापारी याला जांगडावर माल देणं म्हणतात.

पहिल्या आठवड्यात सगळ्या दुकानांत मिळून २०० पाकिटं खपली. ताईंनी हिशोब केला: आठवड्याला २००, म्हणजे महिन्याला ८००. दुकानदारही म्हणाले, "ताई, पाठवा, आपण खपवू." ८०० पाकिटं गेली. वहीत लिहिलं: विक्री ६४,००० रुपये.

प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात खपली ९०. तिसऱ्यात ६०. चौथ्यात ६०. एकूण ४१०. खरी विक्री ३२,८०० रुपयांची. उरलेली ३९० पाकिटं रॅकवर धूळ खातायत, त्यात ताईंचे २१,४५० रुपये अडकलेत आणि तारीख पुढे सरकतेय. आता बोला, गोडा मसाला फेल गेला का? नाही! आठवड्याला ६० पाकिटांचं पक्कं गिऱ्हाईक मिळालंय. फक्त माल २०० च्या हिशोबाने पाठवला.

लक्षात ठेवा: दुकानात गेला तो माल, गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेली ती विक्री.

मग करायचं काय?

१. दर आठवड्याला शिल्लक मोजा. मागची शिल्लक, अधिक दिलेला माल, वजा आजची शिल्लक. जे उरेल ती खरी विक्री. दुकानदाराला "कसं चाललंय?" विचारू नका, तो "मस्त" म्हणणारच. रॅक मोजा.

२. पहिल्या आठवड्याचा आकडा वेगळ्या रंगात लिहा. तो तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांचा आहे. उत्पादनाचा हिशोब तिसऱ्या-चौथ्या आठवड्यावर बांधा. तोपर्यंत लहान लहान लॉट काढा.

३. जास्तीचा माल स्वतःजवळ ठेवा. तुमच्या कपाटातलं पाकीट कुठल्याही दुकानात जाऊ शकतं. दुकानाच्या रॅकवरचं पाकीट तिथेच अडकतं.

४. परतीच्या अटी आधीच ठरवा आणि लिहून घ्या. किती दिवसांत परत, तारीख किती शिल्लक हवी, फाटलेलं पाकीट कुणाच्या खात्यात. नंतर बोलायला गेलात की संबंध बिघडतात.

५. जांगडावर दिलेल्या मालाचे सगळे पैसे आपले समजू नका. त्यातला एक भाग परतीसाठी बाजूला लिहा. सुरुवातीला जरा जास्तच धरा. त्या पैशावर नवीन मशीनचा हप्ता अजिबात ठरवू नका.

उलटंही होतं बरं का!

पहिला आठवडा थंड गेला म्हणून घाबरणारेही खूप असतात. त्यांच्यासाठी त्याच मांजराची पुढची गोष्ट. 'पुस इन बूट्स'ला २०११ मध्ये स्वतःचा सिनेमा मिळाला. त्याचा दुसरा भाग, 'द लास्ट विश', २१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत आला. पाचच दिवस आधी 'अवतार'चा दुसरा भाग लागला होता. पहिल्या शनिवार-रविवारला धरून कमाई जेमतेम १.२ कोटी डॉलर्स. पण ज्यांनी बघितला ते दुसऱ्यांना सांगत राहिले आणि सिनेमा अनेक आठवडे टिकला. शेवटी अमेरिकेत १८ कोटींच्या वर गेला, म्हणजे सुरुवातीच्या सुमारे १५ पट!

एकाच घरातले दोन सिक्वेल. एकाचा पहिला आकडा भुलवणारा, दुसऱ्याचा घाबरवणारा. दोन्हीकडे निर्णय घ्यायला उपयोगी पडला असता तो पुढच्या आठवड्यांचा उतार किंवा चढ.

आजचं काम सोपं आहे. तुमचा माल ठेवणारी कुठलीही तीन दुकानं निवडा. उद्या जाऊन रॅकवरची पाकिटं स्वतः मोजा, वहीत तारीख टाकून लिहा. पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा मोजा. चार आठवड्यांचे आकडे हातात आले की मगच नवीन लॉट किती काढायचा ते ठरवा. भेटूया पुढच्या भागात.