संगणक उठत नाहीं तेव्हां

पूर्वीं घराण्याचीं कागदपत्रें फडताळांत किंवा लाकडी पेटींत असत. वाळवी आणि उंदीर हे त्यांचे शत्रु. हल्लीं तीं संगणकाच्या पोटांत असतात, आणि ज्या सकाळीं संगणक उठत नाहीं त्या सकाळीं घरांतील माणसांस सर्वस्व गेल्यासारखें वाटतें. तें खरोखरच गेलेलें असतें असें मात्र नाहीं. आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग वाचकांपुढें ठेवीत आहें, तो एवढ्याचसाठीं.

आमचे वडीलबंधु अण्णा आतां ७८ वर्षांचे आहेत. गेलीं ११ वर्षें ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त तयार करीत आहेत. कोंकणांतील मूळ गांव, देशावर आलेल्या शाखा, लेकीबाळींचीं सासर-माहेरें, जुन्या पत्रांच्या नकला, छायाचित्रें, हें सारें त्यांच्या टेबलावरील संगणकांत. छापून ठेवलेली प्रत तीन वर्षांपूर्वींची. यंदा चातुर्मासांत ते वहिनींसह नागपुरास मुलीकडे राहिले. जातांना, पावसाळ्यांतील विजेच्या भीतीनें, त्यांनीं संगणकाची वायर भिंतींतून काढून ठेवली होती. दिवाळीच्या आधीं परतले, वायर जोडली, बटण दाबलें. पंखा फिरला, पण काळ्या पडद्यावर ‘योग्य डिस्क निवडावी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येऊन सारें तेथेंच थांबलें.

जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलावलें. त्यानें पांच मिनिटें पाहून निर्णय दिला, “डिस्क गेली. नवी बसवूं, नाहींतर हीच फॉरमॅट करून पाहूं. जुनें कांहीं राहणार नाहीं.” अण्णा कांहींच बोलले नाहींत, चष्मा काढून तो हातांत धरून बसून राहिले.

तेव्हां धाकटी सूनबाई पुढें झाली. “अण्णा, आजचा दिवस मला द्या. कांहीं पुसायचें नाहीं, कांहीं बदलायचें नाहीं. आधीं नुसतें पाहूं.”

“अग, तो रोज हेंच काम करणारा मनुष्य. त्याला कळत नसेल का?”

“कळत असेल, अण्णा. पण त्यानें घाई केली.”

तिनें जी रीत अवलंबिली ती कोणत्याही घरांत उपयोगी पडण्यासारखी आहे. संगणक सुरू होण्यास ‘बूट होणें’ म्हणतात. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणें, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून तो शब्द आला. आपण म्हणूं, स्वतःच्या शेंडीस धरून स्वतःला उठविणें! तें उठणें पायरीपायरीनें होतें. प्रथम आंतील वीजपेटी घरांतील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा प्रवाह तयार करते. मग मुख्य पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, बायोस नांवाचा छोटा कार्यक्रम जागा होतो व स्मृति, पडदा, की-बोर्ड जागेवर आहेत कीं नाहींत हें तपासतो. त्यानंतर तो डिस्क शोधतो, आणि शेवटीं डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स कामास लागतें. यंत्र कोणत्या पायरीवर अडलें हें ओळखलें कीं अर्धें निदान झालें.

बटण दाबून दिवा नाहीं, पंखा नाहीं, अशी स्थिति असेल तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. त्याच सॉकेटमध्यें टेबल-लॅम्प लावून पाहावा. मागील वायर घट्ट बसली आहे का, वीजपेटीचें मागचें बटण कोणी पुसतांना बंद केलें नाहीं ना, हें पाहावें. वायर काढून पुढील बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावें व मग पुन्हां जोडावी. एवढ्यानेंही कित्येक संगणक उठतात.

पंखा फिरतो पण पडदा काळा, असें असेल तर आधीं पडद्याची स्वतःची वायर पाहावी. चित्रासाठीं निराळें कार्ड बसविलेलें असल्यास केबल त्या कार्डासच जोडलेली हवी. तरीही कांहीं न दिसेल, किंवा आंतून ‘बीप बीप’ असा आवाज येत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. वायर पूर्ण काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थितिज वीज घालवावी. मग रॅमची पट्टी अलगद काढून तिचे सोनेरी दांत पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानें पुसावे आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत पट्टी परत दाबावी. दमट हवेंत त्या दांतांवर मळ धरतो. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. मात्र वीजपेटी कधींही उघडूं नये. वायर काढल्यावरही तिच्यांत धक्का देण्याइतकी वीज उरते.

आमचा संगणक याच्या पुढच्या पायरीवर अडला होता. अक्षरें दिसत होतीं, म्हणजे वीज, रॅम आणि पडदा ठीक होते. सूनबाईनें प्रथम लावलेला पेन-ड्राइव्ह काढला, कारण यंत्र कधीं कधीं त्यालाच डिस्क समजून बसतें. फरक पडला नाहीं. मग संगणक पुन्हां चालू करून तिनें लगेच ‘डिलीट’ कळ दाबली आणि बायोसचें पान उघडलें. (कांहीं यंत्रांत ही कळ ‘एफ २’ असते.) पानावर दोन्ही डिस्कांचीं नांवें स्वच्छ होतीं.

“अण्णा, डिस्क आपलें नांव सांगते आहे. ती सर्वस्वीं मेलेली असती तर तें येथें दिसलें नसतें.”

अण्णांनीं चष्मा चढविला व पडद्याजवळ आले. जन्मभर दस्तऐवज वाचलेल्या त्यांच्या नजरेस पहिली गोष्ट दिसली ती तारीख. “हें काय? येथें १ जानेवारी २००९ कशी?”

सारें रहस्य त्या तारखेंत होतें. मुख्य पाटीवर नाण्याएवढा एक सेल असतो. त्याचें नांव सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, शक्ति ३ व्होल्ट. आय.बी.एम. कंपनीनें १९८४ सालीं आणलेल्या ‘एटी’ संगणकांत सेलवर चालणारें घड्याळ व मांडणीची नोंद आली, आणि ती पद्धत पुढें रूढ झाली. वायर भिंतींत असतांना घड्याळास बाहेरची वीज मिळते. ती काढली कीं सारा भार सेलावर. चार महिन्यांत आमचा जुना सेल संपला, घड्याळ मागें गेलें, आणि दोन डिस्कांपैकीं आधीं कोणती उघडावी ही नोंदही पुसली गेली. विंडोज पहिल्या डिस्कवर. यंत्र मात्र नंतर बसविलेल्या दुसरीवर शोधीत होतें. आणि त्यावरून डिस्क गेली असा निकाल झाला होता!

किरकोळ किंमतीचा नवा सेल बसविला, तारीख लावली, डिस्कांचा क्रम सुधारून नोंद जतन केली. संगणक उठला. कुलवृत्तान्त अक्षरशः जसाच्या तसा होता. वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली.

प्रत्येक वेळीं दैव इतकें अनुकूल असेल असें नाहीं. डिस्क टक्-टक् असा आवाज करीत असेल किंवा बायोसमध्यें कधीं दिसून कधीं नाहींशी होत असेल, तर ती खरोखर आजारी आहे. वारंवार बटण दाबून तिचे हाल करूं नयेत, यंत्र बंद करून जाणत्याकडे न्यावें. डिस्क चांगली पण विंडोजच बिघडलें असेल, तर पेन-ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आपले कागद आधीं दुसरीकडे उतरवून घेतां येतात. म्हणून दुरुस्तीस कोणीही येवो, त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा, “आंतील मजकूर उतरवून घेतला का?” त्याचें उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅट या शब्दास संमति देऊं नये. सेल, रॅम, वीजपेटी, सारें बाजारांत मिळतें. पुसलेलें ११ वर्षांचें टिपण कोठल्याही दुकानांत मिळत नाहीं.

त्याच संध्याकाळीं अण्णांनीं दोन प्रती करविल्या. एक घरच्या कपाटांत राहिली, दुसरी नागपुरास गेली. आणि वृत्तान्ताच्या प्रस्तावनेंत साह्यकर्त्यांच्या यादीवर त्यांनीं आपल्या हातानें सूनबाईचें नांव घातलें.