मराठी शाळेतले इंग्रजी आणि गुरुजींची शाळा

सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या मराठी शाळांत शिकलेल्या आमच्या पिढीचे इंग्रजी पाचवीत असे सुरू झाले आणि पुष्कळांचे तेथेच संपले. स्पेलिंगे पाठ झाली, अर्थ पाठ झाले. पण मांजर उंदराच्या मागे धावले, हे एवढेसे वाक्य इंग्रजीत कसे म्हणायचे ते कोणी शिकवले नाही. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही ते कोणी शिकवले नव्हते.

पुढे महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. कर्नाटकाने तो २००७-०८ पासून केला. म्हणजे मधली सात वर्षे उदगीर-देवणीकडचे पोर पहिलीत ‘ए फॉर ॲपल’ म्हणत होते आणि शिवेच्या अलीकडचा त्याचा मावसभाऊ पाचवीची वाट पाहत होता. नंतर आपल्याकडेही आदेश निघाला, पुस्तके आली. अडचण राहिली ती एकच. पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या गुरुजींची आणि बाईंची नेमणूक इंग्रजीसाठी झालेलीच नव्हती. वीस-वीस वर्षे बाराखडी आणि पाढे शिकवलेली माणसे एका जूनमध्ये इंग्रजीचे शिक्षक झाली.

याच काळात पालकांचा कलही फिरला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्या, अशी सक्ती राज्य सरकारला करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी दिला. खटला कर्नाटकाच्याच १९९४ सालच्या आदेशाचा होता. २०१९-२० मध्ये तर राज्य सरकारने स्वतःच एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. खेड्यातून पिवळ्या गाड्या फिरू लागल्या आणि मराठी शाळेचा पट उतरू लागला. मराठी शाळा वाचवा म्हणून आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते करावेच. पण जूनमध्ये पोराचा हात धरून शाळेच्या दारात उभा राहिलेला बाप निवेदन वाचत नाही. तो विचारतो, तुमच्याकडे इंग्रजी कोण शिकवते? या प्रश्नाला मराठी शाळेपाशी धड उत्तर असेल तरच ती तगेल, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते उत्तर नव्या इमारतीत नाही, संगणकात नाही. गुरुजींच्या प्रशिक्षणात आहे.

इंग्रजीला शिक्षणशास्त्रात ‘दुसरी भाषा’ म्हणतात. आपल्या भागात हा शब्द ऐकून हसू येते. औराद तालुक्यातले पोर घरी मराठी बोलते, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड, आणि जहिराबादकडचे पाहुणे आले की चार शब्द तेलुगूही. त्याच्या आयुष्यात इंग्रजी चौथी किंवा पाचवी. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. तेव्हा मराठी पहिली भाषा घेणाऱ्याला इंग्रजी आता कागदावरही तिसऱ्या जागी जाते. प्रशिक्षणाचा विचार मात्र बहुधा घरी एक भाषा आणि समोर इंग्रजी, अशा मुलाला धरून केलेला असतो.

इतिहासानेही थोडी थट्टाच केली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही साऱ्या देशातल्या इंग्रजी शिक्षकांसाठीची संस्था निघाली. तिचेच आज विद्यापीठ झाले आहे. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. पण आपली राजधानी तोवर बदललेली होती. दक्षिणेतल्या राज्यांसाठी रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश १९६३ साली निघाली ती बेंगळूरला, आपल्यापासून सुमारे सातशे किलोमीटरवर. संस्था चांगली, काम मोलाचे. पण एक महिन्याचा वर्ग करायला घरदार, शेत सोडून तेथवर जाणारे शिक्षक किती असणार?

म्हणून मग प्रशिक्षण पायरीपायरीने खाली उतरवतात. बेंगळूरला काही जण तयार होतात, ते जिल्ह्याच्या ‘डाएट’मध्ये शिकवतात, तेथले तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला आणि केंद्रावरून गुरुजींना. कारंजा प्रकल्पाच्या कालव्यावर ज्याचे शेत आहे त्याला यातली मेख वेगळी सांगायला नको. तोंडाशी पाणी धो-धो असते, शेपटाकडे ओल तेवढी पोहोचते. हा अनुभव नवाही नाही. १९५० चे दशक संपता संपता मद्रास राज्यात अशीच मोठी मोहीम झाली. नवशिक्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या २७ हजार शिक्षकांना नव्याने तयार करायचे होते. तिचे नाव पडले ‘मद्रासचा बर्फाचा गोळा’, कारण गोळा उतारावरून घरंगळताना मोठा होत जातो. प्रशिक्षणाचा गोळा उलटा वागतो. खाली येईतो वितळतो. बीदरच्या उन्हाची तर गोष्टच सोडा.

पाच-सात दिवसांच्या वर्गाचे चित्र वाचकांतल्या शिक्षकांना पाठ असेल. हजेरी, चहा, मॉड्यूल, गटकार्य, तक्ते, समारोप. मॉड्यूल कपाटात जाते. वर्गात समजावणी कन्नडमधून चालते, उदाहरणे कन्नड मुलांच्या चुकांची असतात. मराठी शाळेतल्या गुरुजींना कन्नड समजत नाही असे नाही. पण त्यांच्या पोरांच्या चुका वेगळ्या असतात, निदान काही बाबतींत.

साधे पाहा. मराठीत ‘जास्त’मधला ज वेगळा आणि ‘जीभ’मधला ज वेगळा. त्यामुळे ‘झू’ आणि ‘जग’ या इंग्रजी शब्दांतला फरक आपल्या पोराच्या जिभेला फारसा जड जात नाही. कन्नड बोलणाऱ्या पोराला त्यावर घोटावे लागते. त्याला ‘बस’चे ‘बस्सु’ होऊ न देण्याचीही काळजी घ्यावी लागते, आपल्याला नाही. उलट आपले पोर ‘वुई’ ऐकून अडते. वुई म्हणजे आम्ही की आपण? मराठीत हे दोन आहेत, इंग्रजीत एक. मुलाने हा प्रश्न विचारला तर तो मठ्ठ नव्हे, चांगलाच हुशार आहे, हे गुरुजींना कोणी तरी सांगायला हवे.

आणि याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. आपण म्हणतो, मला ताप आहे. कन्नडमध्ये म्हणतात, ननगे ज्वर इदे. मला भूक लागली, ननगे हसिवागिदे. दोन्हीकडे ‘मला’. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव फिव्हर’, ‘आय ॲम हंग्री’. तेथे मीच कर्ता. दोन्हीकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी, म्हणून मराठी पोर आणि कन्नड पोर, दोघेही ‘आय स्कूल गो’ म्हणतात. दोन्ही भाषांत ‘ए’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून दोघांनाही ते कोठे लावायचे ते उमजत नाही. ज्या दोन भाषांवरून आपण साठ-सत्तर वर्षे भांडलो, त्या इंग्रजीसमोर एका बाजूला उभ्या असतात! सीमेवरच्या गुरुजींना या दोन्ही भाषा येतात. हे भांडवल पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या शिक्षकापाशी सहसा नसते. प्रशिक्षणात मात्र त्याचा कोणी हिशेबच धरत नाही. वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की गुरुजी ओशाळतात. वास्तविक सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली पुस्तक लिहून मुलाची भाषा हाताशी धरून परकी भाषा शिकवण्याची रीतच मांडली. अर्थात मराठीत सगळा धडा समजावून सांगायचा, असा त्याचा अर्थ नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मोठी झालेली माणसे इंग्रजी लिहायला शिकली, बोलायला फार थोडी. मराठी वाक्य एकदा सांगावे, अर्थ पोचला की बाजूला व्हावे आणि पुढे इंग्रजीच घोळवावे.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. पुष्कळ गुरुजींना स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही आणि चारचौघांत ते कबूल करण्याची लाज वाटते. प्रशिक्षणात शिकवण्याच्या पद्धती सांगतात. शिक्षकाला स्वतः बोलण्याचा सराव देत नाहीत. विहिरीला पाणी नसताना मोटेचे प्रकार सांगून काय होणार? यावर सात दिवसांचा वर्ग हे औषध नाही. महाराष्ट्रात २०१० च्या दशकात राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ हा उपक्रम चालवला. त्यात आसपासच्या शाळांतले शिक्षक छोट्या गटाने ठरावीक काळाने भेटत, इंग्रजीत बोलत, वर्गात काय फसले ते एकमेकांना सांगत. आपल्याकडे केंद्रावरच्या बैठका होतातच. त्यांतला अर्धा तास माहितीचे तक्ते भरण्यातून काढून या कामाला दिला, तर वरच्या कचेरीला कवडीचाही खर्च नाही.

शिकवायचे साहित्यही दारात आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत एक प्रयोग केला. तो बेंगळूर प्रकल्प म्हणून जगभर गाजला. व्याकरण बाजूला ठेवून ते मुलांना डोके चालवायला लावणारे काम देत. नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक असे काही समोर ठेवायचे आणि त्यावर प्रश्न विचारायचे. मुलांचे लक्ष उत्तराकडे असे, भाषा ओघाने येई. तो प्रयोग मुख्यतः तयारीच्या शिक्षकांच्या हाती होता, सर्वसाधारण शाळेत तो जसाच्या तसा चालेलच असे नाही. पण कमलनगरच्या स्टँडवर कन्नड पाटीची गाडी लागते, तशी मराठी पाटीचीही. आपली पोरे दोन्ही पाट्या वाचतात. चौथीच्या वर्गात फळ्यावर पाच गाड्यांच्या वेळा लिहाव्यात आणि विचारावे: आजीला दुपारी बाराच्या आत उदगीरच्या दवाखान्यात पोहोचायचे आहे, विच बस? पोरे आधी मराठीत भांडतील. भांडू द्यावे. मग एक जण उठून म्हणेल, ‘नाइन थर्टी बस.’ गुरुजींनी ते पुरे वाक्य करून पुन्हा म्हणून दाखवायचे आणि दुसरी आजी पुढे आणायची, भालकीला जाणारी.