रक्तस्रावाआड दडलेली गाठ

मेंदूत रक्तस्राव झाला की पहिला संशय रक्तदाबावर जातो आणि बहुतेकदा तो खराही असतो. क्वचित मात्र साकळलेल्या रक्ताआड गाठ दडलेली असते. अँजिओसार्कोमा हा त्यातलाच एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग.

रक्तवाहिन्यांना आतून पेशींचे पातळ अस्तर असते. या कर्करोगाच्या पेशी त्या अस्तरासारख्याच वाहिन्या बनवू पाहतात. पण त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या होतात. डोकेदुखी, उलट्या, फिट येणे, हातापायातली शक्ती जाणे ही लक्षणे पक्षाघातासारखीच. एमआरआयमध्येही रक्तामुळे गाठ झाकली जाते. म्हणून कारण उलगडले नसेल, तर रक्त शोषले गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तो टाळू नये.

पक्के निदान गाठीचा तुकडा तपासूनच होते. मग डॉक्टर हृदयाचा इको आणि छाती-पोटाचे स्कॅन करायला सांगतात, तेव्हा नातेवाईक गोंधळतात. डोक्याच्या आजाराला हृदयाची तपासणी कशाला? कारण ही गाठ मेंदूत अनेकदा दुसरीकडून आलेली असते आणि हृदयाचा उजवा वरचा कप्पा हे तिच्या उगमाचे एक प्रमुख ठिकाण आहे.

शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी हे उपचार आहेत. तरी आजार आक्रमक असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र रिपोर्टवर ‘हिमँजिओब्लास्टोमा’ लिहिले असेल, तर घाबरून जाऊ नका. तीही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, बहुधा लहान मेंदूतली. पण ती कर्करोग नव्हे. पूर्ण काढता आली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.