खेळाडू आणि गुरू

सानगडीच्या पोरांना कबड्डी शिकवायला कोणाला बोलवावे, असा विषय निघाला की 'एखादा नामांकित खेळाडू आणा' हेच उत्तर मी ऐकतो. हे उत्तर तपासून घेतले पाहिजे.

रमाकांत आचरेकर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. पण तेंडुलकर आणि कांबळी घडले ते त्यांच्याच हाताखाली. विश्वविजेते कर्णधार कपिल देव प्रशिक्षक असताना १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताने तिन्ही कसोट्या गमावल्या. उलट, संदीप पाटलांसारख्या गाजलेल्या फलंदाजाच्या मार्गदर्शनाखाली केनियाने २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली. म्हणजे नाव हा पुरावा नव्हे, अडथळाही नव्हे. खेळणे वेगळे, शिकवणे वेगळे. ज्याला सहज जमले त्याला ते उलगडून सांगता येतेच असे नाही. अडखळत शिकलेल्याला चूक कोठे होते हे ठाऊक असते.

परंतु मुळातला प्रश्न निराळाच आहे. मैदानावर अधिकार कोणाला मिळतो? पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी चांभार म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही झगड्यानंतर. बाळूंचा घाम चालला, हुकूम चालला नाही.

म्हणून गुरू निवडताना पदके मोजू नका, जात तर नकोच. शेवटच्या पोराची चूक त्याला दिसते का, एवढेच पाहा.