विश्लेषण : वाइन ‘स्मूथ’ लागते म्हणजे नेमके काय होते? तुरटपणा ही चव की स्पर्श?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या पट्ट्यातले गाव. द्राक्षबागा आणि वायनरी इथून कित्येकशे किलोमीटर दूर, नाशिककडे. पण रेड वाइनच्या घोटाने तोंडात जे होते, ते या भागातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रानातले कच्चे टेंभर चावले की ओठ आवळतात, जीभ जाड होते, गालाची आतली बाजू खरखरीत लागते. वर पाणी प्यायले तरी ती भावना लगेच जात नाही. तेंदूपत्त्याच्या झाडाचे हे फळ आणि नाशिकची रेड वाइन यांच्यात एक धागा समान आहे. तो म्हणजे टॅनिन.

वाइनबद्दल बोलताना सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वात कमी सांगणारा शब्द म्हणजे ‘स्मूथ’. या एका शब्दाआड किमान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. त्या कोणत्या, त्यांना मराठीत काय म्हणता येईल आणि ‘स्मूथ’ लागण्यावर किती विश्वास ठेवावा, याचा हा आढावा.

तुरट ही चव नाही?

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. त्यातला कषाय म्हणजे तुरट. आधुनिक विज्ञान मात्र तुरटपणाला प्रामुख्याने स्पर्शाची जाणीव मानते. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरच्या स्वादग्राही पेशी ओळखतात. तुरटपणा जिभेपुरता राहत नाही. तो हिरड्यांवर, ओठांच्या आत, गालांनाही जाणवतो. मिरचीचा तिखटपणाही असाच चवीच्या यादीबाहेरचा आहे. तो मेंदूपर्यंत उष्णता आणि वेदनेच्या मार्गाने पोहोचतो.

म्हणूनच जाणकार वाइनचा सुगंध, चव आणि पोत यांचा वेगवेगळा विचार करतात. पोत हा शब्द आपण कापडासाठी वापरतो. इथेही तो चपखल बसतो, कारण वाइनचा पोत जीभ अक्षरशः चाचपून ओळखते.

तोंडात नेमके काय घडते?

लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. तिच्यात प्रथिने असतात आणि ती तोंडात वंगणासारखे काम करतात. त्यांच्यामुळे जीभ टाळूवरून, गालांवरून सहज सरकते. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना, विशेषतः प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेल्या प्रथिनांना, चिकटतात. दोघांच्या गुठळ्या होतात आणि वंगणाचा थर विस्कटतो. यंत्रातले तेल संपल्यावर घर्षण वाढते, तसेच तोंडात होते. तोंड ‘कोरडे’ पडल्यासारखे वाटते ते यामुळेच. प्रत्यक्षात तोंडात लाळ असतेच, तिचा बुळबुळीतपणा तेवढा कमी झालेला असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला तुरटपणा आणखी वाढतो, कारण नवी लाळ पुरेशी येण्याआधीच पुढचे टॅनिन हजर होते. म्हणून चाखणारे दोन वाइनच्या मध्ये थांबतात, पाणी पितात, साध्या पावाचा तुकडा खातात.

यातले बरेचसे रसायन आपल्या रोजच्या चहात आहे. खूप उकळलेला कोरा चहा तोंड आवळतो. त्यात दूध पडले की तोच चहा मऊ लागतो, कारण दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनसदृश घटकांना आधीच धरून ठेवते. लाळेच्या वाट्याला ते कमी येतात. रेड वाइनसोबत चीज किंवा मटण देण्याच्या प्रथेमागेही काही अंशी हेच कारण आहे.

तुरट आणि कडू एकच का?

नाही. पण दोन्ही अनेकदा एकत्र येतात, म्हणून गल्लत होते. कारल्याचा कडूपणा जिभेवर राहतो, तोंड आवळत नाही. तुरटीचा खडा जिभेला लावला तर तोंड आवळते, पण कारल्यासारखा कडूपणा येत नाही. चव-परीक्षणाच्या प्रयोगशाळांत तुरटपणा ओळखायला शिकवताना तुरटीचे सौम्य द्रावणही वापरले जाते. मराठीत तर त्या पदार्थाच्या नावातच ही जाणीव आहे.

वाइनमध्ये दोन्ही गोष्टी एकाच कुळातल्या रेणूंमुळे येतात. साधारणपणे लहान रेणू कडूपणाकडे, तर साखळीसारखे जोडलेले मोठे रेणू तुरटपणाकडे झुकतात.

वाइनमध्ये टॅनिन येते कुठून?

द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांतून. वाइन ओकच्या पिंपात ठेवली तर काही प्रमाणात त्या लाकडातूनही. रेड वाइनचा रस सालींसह आंबवला जातो. व्हाइट वाइनसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. त्यामुळे शेनिन ब्लां किंवा सॉव्हिन्यों ब्लांपेक्षा कॅबर्ने सॉव्हिन्यों किंवा शिराझ अधिक तुरट लागते. या सगळ्या जाती नाशिक परिसरात होतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

द्राक्ष किती पिकले आहे, हेही महत्त्वाचे. उष्ण हवामानात फळातली साखर झपाट्याने वाढते, पण बिया आणि सालीतले टॅनिन त्याच वेगाने पक्व होईलच असे नाही. साखरेचा आकडा पाहून घाईने तोडणी केली, तर वाइनमध्ये कच्चा, बोचरा तुरटपणा उतरू शकतो. म्हणून वाइनसाठी द्राक्ष पिकवणारे बी चावूनही पाहतात. हिरवे बी कच्चे, तपकिरी आणि कुरकुरीत बी पक्व, हा त्यांचा जुना आडाखा आहे.

वाइन मुरताना टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळात बसतात आणि तुरटपणाची धार कमी होते. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक घालून बोचरे टॅनिन खाली बसवण्याची जुनी पद्धतही आहे. चहात दूध जे करते, तेच काम इथे अंड्यातले प्रथिन करते.

मग ‘बॉडी’ म्हणजे काय?

पाणी, ताक आणि बासुंदी यांचे तोंडातले वजन वेगवेगळे जाणवते. वाइनमधल्या या वजनाला ‘बॉडी’ म्हणतात. आपल्याकडे पाणचट, पातळ, भरदार, दाट असे शब्द तयारच आहेत. अल्कोहोलचे प्रमाण, उरलेली साखर आणि रसातून उतरलेले इतर घटक यांवर ते वजन ठरते.

यीस्टने तयार केलेल्या ग्लिसरॉलमुळे वाइन मऊ लागते, असे सर्रास सांगितले जाते. पण साध्या वाइनमध्ये ते लिटरमागे काही ग्रॅमच असते. दाटपणातला फरक जिभेला स्पष्ट कळण्यासाठी त्याहून बरेच जास्त ग्लिसरॉल लागते. या प्रमाणात त्याचा थोडा गोडवा जाणवू शकतो, दाटपणाचे श्रेय मात्र फारसे देता येत नाही.

दुसरा गैरसमज ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांचा. ‘ओघळ जितके जास्त, तितकी वाइन भारी’ असे म्हणतात. प्रत्यक्षात काचेवरच्या पातळ थरातले अल्कोहोल आधी उडते, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि थेंब होऊन खाली येतो. भौतिकशास्त्रात याला मारांगोनी परिणाम म्हणतात. ओघळ अल्कोहोलबद्दल थोडेफार सांगतात, दर्जाबद्दल काहीच नाही.

आंबटपणाचा पोताशी काय संबंध?

कैरीने दात आंबतात, दह्याने सहसा नाही. दोन्ही आंबटच, पण धार वेगळी. वाइनमध्ये असाच बदल मुद्दाम घडवून आणतात. विशिष्ट जिवाणू हिरव्या सफरचंदात असते ते तीक्ष्ण मॅलिक आम्ल बदलून दह्यातले सौम्य लॅक्टिक आम्ल तयार करतात. बहुतेक रेड वाइन आणि काही व्हाइट वाइन या टप्प्यातून जातात. त्यामुळे वाइन गोलाईदार लागते, कधी लोण्यासारखा वासही येतो.

आणखी एक मार्ग तळाशी बसलेल्या मृत यीस्टच्या गाळाचा. वाइन त्या गाळावर काही महिने ठेवून अधूनमधून ढवळली, की पेशींतून उतरणारे घटक तिला सायीसारखा मऊपणा देतात.

म्हणजे एकाला वाइन ‘स्मूथ’ वाटते ती टॅनिन कमी असल्यामुळे, दुसऱ्याला आंबटपणा सौम्य असल्यामुळे आणि तिसऱ्याला साखरेने सगळे झाकल्यामुळे. शब्द एक, कारणे तीन.

‘रेशमी’, ‘मखमली’ हे शब्द आले कुठून?

वाइनच्या सुगंधासाठी अमेरिकेत अॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात शब्दांचे चक्र तयार केले. पोतासाठी तसे चक्र ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० मध्ये मांडले. रेड वाइनच्या स्पर्शासाठी त्यात पन्नासहून अधिक शब्द आहेत. रेशीम, साटीन, मखमल, खडूची भुकटी, टाल्कम, सँडपेपर असे ओळखीचे स्पर्श त्यात येतात. कल्पना सोपी आहे. जिभेवरची जाणीव थेट दाखवता येत नाही, म्हणून बोटांना ठाऊक असलेल्या वस्तूशी ती जोडायची.

पण बोटांना काय ठाऊक आहे, हे गावोगाव बदलते. भंडारा जिल्हा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या विणकामासाठी ओळखला जातो. या कापडाचा पोत तुतीच्या रेशमासारखा निसरडा नसतो. तो किंचित रवाळ, हाताला धरणारा असतो. ‘ही वाइन रेशमी आहे’ हे वाक्य पैठणीच्या येवल्यात एक अर्थ देईल आणि कोसा विणणाऱ्या घरात दुसरा. चाखणाऱ्यांनी म्हणूनच आधी आपला नमुना कोणता, हे ठरवणे गरजेचे असते.

मराठीत कोणते शब्द वापरता येतील?

टेस्टिंग रूममधली टिपणे बहुतेक इंग्रजीत असतात. इंग्रजी शब्द आठवला नाही की ‘छान आहे’ म्हणून विषय संपतो. हॉटेल व्यवस्थापन शिकून या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या गावाकडच्या मुलांना हा संकोच महागात पडू शकतो. जाणीव त्यांच्याकडे असते, फक्त तिला नाव आपल्या भाषेत देता येईल असे कुणी सांगितलेले नसते. प्रत्यक्षात मराठी इथे कमी पडत नाही, उलट कारणानुसार शब्द वेगळे करून देते.

• टॅनिन जास्त, कच्चे : टेंभरासारखे तोंड आवळणारे, खरखरीत
• टॅनिन भरपूर, पण पक्व : मखमली, भरीव
• टॅनिन बारीक, सौम्य : पिकल्या जांभळासारखे, हलके तुरट
• आंबटपणा तीव्र : दात आंबवणारी, चरचरीत
• आंबटपणा कमी : मिळमिळीत
• साखर जास्त : गोडमिट्ट, तोंडाला मिठी बसवणारी
• अल्कोहोल जास्त : घशाला चटका देणारी, गरम

यातला प्रत्येक शब्द एका घटकाकडे बोट दाखवतो. ‘स्मूथ’ तसे करत नाही.

मोहाच्या दारूलाही हेच लागू होते का?

पूर्व विदर्भात पेयाचा विषय मोहाशिवाय पुरा होत नाही. मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. विनापरवाना दारू गाळणे मात्र आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे.

मोहाची दारू ऊर्ध्वपातित असते. टॅनिन वाफेबरोबर वर जात नाही. त्यामुळे तिथला मऊपणा किंवा जळजळ यांचा संबंध प्रामुख्याने अल्कोहोलच्या तीव्रतेशी असतो, तुरटपणाशी नाही.

आणि इथेच सर्वात महत्त्वाचा इशारा येतो. घशाला न लागणारी दारू म्हणजे सुरक्षित दारू, हा समज जिवावर बेतू शकतो. विषारी मिथेनॉल चवीने किंवा वासाने साध्या अल्कोहोलपासून वेगळे ओळखता येत नाही. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. जिभेची परीक्षा पोतापुरती खरी, सुरक्षिततेसाठी नाही. वाइनबाबतही ‘स्मूथ’ म्हणजे ‘हलकी’ नव्हे. मऊ लागणाऱ्या वाइनमध्येही १३-१४ टक्के अल्कोहोल असू शकते. ती घशाला अडत नाही, त्यामुळे लवकर संपते इतकेच.

वाइन न पिता हा फरक कसा ओळखाल?

चहा पुरतो. पत्ती दहा मिनिटे उकळून कोरा चहा गाळा, कोमट होऊ द्या आणि तीन कपांत ओता. पहिला तसाच ठेवा, दुसऱ्यात साखर घाला, तिसऱ्यात दूध. एकेक घोट तोंडात फिरवा आणि मग जीभ टाळूवरून सरकवून पाहा. साखरेच्या कपात कडूपणा दबतो, पण आवळ बऱ्यापैकी तशीच राहते. दुधाच्या कपात आवळच कमी होते. कुठला मऊपणा झाकल्यामुळे आला आणि कुठला खरोखर आहे, हा फरक इथे कळतो.

वाइन पिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना तापमानाची. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे. तिथे अभिप्रेत तापमान साधारण १५ ते १८ अंश असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेली बरी, नाही तर अल्कोहोलचा चटका बाकी सगळ्यावर मात करतो. फार गार केली तर उलट तुरटपणा टोचतो.

पुढच्या वेळी कुणी ‘स्मूथ आहे’ म्हणाले, तर एकच प्रश्न विचारावा : तुरट कमी, आंबट कमी, की गोड जास्त? उत्तर द्यायला इंग्रजी लागत नाही. कच्चे टेंभर एकदा चावलेले असले तरी पुरते.